लहान पर्यायी माध्यमिक शाळा: प्रवेश आणि सुरक्षितता

नेहमीच्या शाळेत न रमलेल्या आमच्या मुलीला ज्या छोट्या पर्यायी शाळेत घातले, तिथल्या प्रवेशप्रक्रियेविषयी मुद्दाम लिहावेसे वाटते, कारण आधीच्या गुणपत्रिकेपेक्षा मुलीच्या स्वतःच्या म्हणण्याला तिथे अधिक वजन मिळाले. मुख्याध्यापिका आम्हा पालकांना बाहेर बसवून तिच्याशी निवांत बोलल्या, मग काही दिवस तिला वर्गात बसू दिले आणि त्यानंतरच अर्ज पुढे सरकला. मुलांविषयीच्या निर्णयांत त्यांचे मत विचारात घ्यावे, असे संयुक्त राष्ट्रांच्या 1989 च्या बालहक्क संहितेचे 12 वे कलम सांगते. ते इथे प्रत्यक्ष पाळले जाते.

सुरक्षिततेची व्यवस्थाही डोळस आहे. शाळेच्या वेळेत येण्याजाण्यासाठी एकच दार वापरले जाते, नोंद झाल्याशिवाय पाहुण्याला आत सोडत नाहीत, आणि हजेरीच्या वेळी मूल दिसले नाही की लगेच घरी फोन येतो. आगीच्या सरावात वर्गशिक्षिका मैदानावर हजेरीपट घेऊन एकेक नाव पुकारताना मी पाहिल्या. एक मुलगा स्वच्छतागृहात राहून गेल्याचे त्यांच्या तिथल्या तिथे लक्षात आले. छळाची तक्रार कोणाकडे करायची, हे प्रत्येक मुलाला ठाऊक आहे, आणि माझ्या मते कॅमेऱ्यांपेक्षा हेच मोलाचे आहे.

एक उणीव मात्र गंभीर आहे. ॲलर्जी आणि औषधांची माहिती प्रवेशाच्या वेळी एकदाच घेतली जाते. ती दर सत्राला नव्याने तपासावी, असे मी शाळेला लेखी कळवले आहे.