जळगावचं प्रदर्शन, सारंगखेड्याची यात्रा की सातपुड्यातला हाट?

पुण्याची माझी मावसबहीण दर हिवाळ्यात फोन करते. "ताई, दोन दिवस येतेय. हातानं केलेलं काहीतरी घ्यायचंय, कुठे नेशील?" मी विचारते, "मांडायला हवं की वापरायला?" ती वैतागते. पण जळगावात राहून हे ठरवायचं तर पहिला प्रश्न तोच. शहरातलं प्रदर्शन, यात्रा आणि सातपुड्यातला आठवडी बाजार, तिन्हीकडे टोपली मिळते, घोंगडी मिळते, मडकं मिळतं. फरक आहे तो विकायला बसलेल्या माणसात.

आधी शहराचं बोलू. इथे दोन प्रकार आहेत आणि बहुतेक लोक दोन्हींना "प्रदर्शन" म्हणून मोकळे होतात. एक म्हणजे मैदानावर दहा-पंधरा दिवस मंडप टाकून बसणारा हातमाग-हस्तकला मेळा. खुर्ज्याच्या बरण्या, सहारनपूरचं लाकूडकाम, भदोहीचे गालिचे, भागलपुरी साड्या. माल बघायला छान, पण तो जळगावात दिसतो तसाच नाशकात आणि नागपुरात दिसतो. बसलेला माणूस बहुधा व्यापारी किंवा त्याचा पगारी पोरगा. अशाच एका मेळ्यात मी "शुद्ध हातमाग" म्हणून चादर घेतली. पहिल्याच धुण्यात बादली जांभळी झाली, आणि नंतर निरखून पाहिलं तर काठाला हातमागाची एकही खूण नाही. मागावर कापड ताणून धरायला पट्टी लावतात, तिच्या टोकांमुळे काठाजवळ बारीक टोचल्यासारखी भोकं राहतात. आता मी आधी काठ बघते, मग रंग. या मेळ्यात जायचंच असेल तर शेवटच्या दोन दिवसांत जा, परतीचं ओझं नको म्हणून भाव आपोआप उतरतात. घासाघीस बिनधास्त करा.

दुसरा प्रकार बचत गटांचा. जिल्हा परिषद 'उमेद' या सरकारी अभियानातून 'मिनी सरस' नावाचं प्रदर्शन भरवते, 'माविम'ची, म्हणजे महिला आर्थिक विकास महामंडळाची विक्री असते. इथे ऐंशी टक्के खाणंच: बिबडे, कुरडया, कळण्याचं पीठ, मसाले. हस्तकला शोधणारा माणूस हे बघून पाच मिनिटांत बाहेर पडतो, आणि तिथेच चुकतो. पापडांच्या पिशव्यांमागे घडी घालून ठेवलेली गोधडी बऱ्याचदा असते. विकायला आणलेली असते, पण मांडायला जागाच उरत नाही.

मला तशीच एक सापडली. यावलकडची बाई होती. मी नेहमीचं विचारलं, "हीच मोठी करून द्याल का?" तिने उठून स्वतःच्या हातानं मोजायला सुरुवात केली. किती हात लांब, किती हात रुंद, मग म्हणाली, "दोन जुन्या नऊवारी आणा, वरून सुती लागेल, आत काय ते मी बघते. महिना धरा." उलटी करून दाखवली तर मागचे टाके पुढच्याइतकेच दाट, पण कोपऱ्यात ओळ जरा वाकडी वळलेली. मशीनचा टाका असा वळत नाही. दोन हजार सांगितले, मी दोन हजार दिले. महिनाभर रोज दुपारी मान मोडून बसणाऱ्या बाईशी दोनशे रुपयांसाठी हुज्जत घालणं मला जमत नाही.

"मोठं करून द्याल का" हा प्रश्न मी आता सगळीकडे विचारते. करणारा माप आणि दिवस सांगतो. विकणारा म्हणतो, "मॅडम, यात साइज नाही येत."

यात्रेत हाच प्रश्न निम्म्या वेळा फुकट जातो. सारंगखेड्याचंच घ्या. तापीकाठी एकमुखी दत्ताची यात्रा, मार्गशीर्षात दत्तजयंतीला सुरू होते, घोड्यांचा बाजार देशभर माहीत आहे आणि चेतक महोत्सवामुळे आता तंबू-बिंबूही लागतात. जळगावहून सुरत लाइनच्या गाडीनं दोंडाईचाला उतरायचं, पुढे बस. घोडे बघायला जरूर जा. पण घरासाठी वस्तू घ्यायला म्हणून गेलात तर प्लास्टिकची खेळणी, स्टीलची भांडी आणि कारखान्यातल्या बांगड्यांच्या रांगा पायाखाली घालाव्या लागतात. अपवाद एकच, आणि तो चांगला आहे: घोड्याच्या साजाची दुकानं. लगाम, खोगीर, चामड्याचे पट्टे, लोकरीचे गोंडे, घुंगरांच्या माळा. तिथे बसल्या जागी पट्टा कापून, भोक पाडून, शिवून देतात. मी घोडा कुठे बांधणार? पण एक घुंगराची माळ दाराला लावली आहे.

अमळनेरची वैशाखातली यात्रा जराशी वेगळी. बोरीच्या पात्रात भरते, सखाराम महाराजांची. ऊन मी म्हणतं, पण स्वयंपाकघरासाठी काही हवं असेल तर मी सारंगखेड्याआधी अमळनेरचं नाव घेईन. त्याच्या आधी आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया असते. घागर भरायची म्हणून कुंभारांची मडकी बाजारात उतरलेलीच असतात, खापरंही मिळतात. खापरावर मांडे करणाऱ्या घरात हे वेगळं सांगायला नको.

आता सातपुडा. धडगाव, मोलगी, तोरणमाळकडचे हाट. शहादा किंवा अक्कलकुव्याहून वर चढायचं, म्हणजे जळगावकराचा अख्खा दिवस जातो आणि मुक्काम केलेला बरा. इथला बांबू बघितल्यावर शहरातली टोपली हातात धरवत नाही. नंदुरबारकडे कोतवालिया समाजाचं पिढीजात काम हेच. टोपली घेताना बुडाशी बघा: कामट्या एकमेकीत घट्ट अडकल्यात का, कडेला दुहेरी वळ आहे का. बांबू कोवळा असला की चार महिन्यांत भुंगा लागतो आणि खाली पिठासारखा भुगा पडतो. विचारलं तर सांगतात, लपवत नाहीत. याच खान्देशात, फैजपूरला 1936 मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं तेव्हा चित्रकार नंदलाल बोस यांनी सजावटीसाठी बांबूच निवडला होता.

होळीच्या आधीच्या आठवड्यात याच हाटांचा भोंगऱ्या होतो, म्हणजे आदिवासींचा होळीचा बाजार. ज्या गावाचा बाजार ज्या वारी, त्या वारी तिथला भोंगऱ्या. ढोल, बासऱ्या, घुंगरू, गूळ-डाळ्या, हार-कंगन, चांदीचे दागिने. वर्षातला सगळ्यात भरगच्च बाजार हाच, आणि बाहेरच्यानं सगळ्यात सांभाळून जावं असाही हाच. ती त्या लोकांची होळीची खरेदी आहे, आपल्यासाठी मांडलेलं प्रदर्शन नव्हे. "तिथे लग्नं जमतात म्हणे" असलं काही बोलत हिंडू नका, समाजातल्या लोकांनी यावर वारंवार नाराजी सांगितली आहे. न विचारता मोबाइल तोंडासमोर धरू नका. दागिना आवडला तर चांदी की गिलट, सरळ विचारा आणि पावती देणाऱ्या सराफाकडूनच घ्या. मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही, दहा-वीस-पन्नासच्या नोटा जवळ ठेवा.

मग मावसबहिणीला कुठे नेते? ती दोनच दिवसांसाठी येते, शिवाय गाडीत तिला मळमळतं, म्हणून सातपुडा बाद. हिवाळ्यात अमळनेर नाही. बचत गटाचं प्रदर्शन चालू असेल तर तिथेच, सकाळी उघडताच, कारण अकरानंतर गोधडीवर पापडाची पोती चढतात. नसेल तर प्रदर्शनाचा नाद सोडून सरळ शहरातल्या बुरुडांकडे आणि कुंभाराकडे. मागच्या खेपेला तिनं तिथून खापर घेतलं. टिचकी मारली की खणखणीत वाजलं पाहिजे, भद्द आवाज आला तर आत चीर आहे. पहिल्यांदा मंद आचेवरच तापवायचं. आणि पुण्याला नेताना बसच्या डिकीत अजिबात नाही, मांडीवर.