केक, नानकटाई, पेढा, श्रीखंड: कमी कार्बचं गोड करायचं तर काय निवडावं?

अण्णांची शुगर निघाली तेव्हा घरात पहिली बंदी आली ती चहातल्या साखरेवर. दुसऱ्या दिवसापासून बिनसाखरेचा चहा आणि बशीत चार टोस्ट. "टोस्ट हलका असतो, आजाऱ्यालासुद्धा तेच देतात," असं अण्णांचं म्हणणं. चहातली चमचाभर साखर म्हणजे ५ ग्रॅम कार्ब, म्हणजे कर्बोदकं. मैद्याच्या एका लहान टोस्टमध्ये ७ ग्रॅमच्या आसपास. एक चमचा साखर वाचवून आम्ही त्यांना रोज पाच चमच्यांहून जास्त साखरेइतका मैदा खाऊ घालत होतो. हे ध्यानात यायला वर्ष गेलं, आणि त्या वर्षाचं मला अजून वाईट वाटतं.

पुढे लातूरच्या आमच्या ओट्यावर केक, नानकटाई, पाव, पेढे, श्रीखंड, सगळ्यांचे कमी कार्बचे प्रकार करून पाहिले. काही कायमचे घरचे झाले. काही लेकरांनी पहिल्या घासालाच बाजूला सारले. तुम्हीही या वळणावर असाल तर कशावर पैसे आणि कष्ट घालावेत आणि कशाचा नाद सोडावा, हे समोरासमोर ठेवते.

आधी एक गैरसमज काढू. आपल्याकडे "साखर नको, गूळ घाल" आणि "मैदा नको, ज्वारी घे" एवढं केलं की पदार्थ शुगरवाल्यांना चालतो असं धरलं जातं. गुळात साखरेपेक्षा थोडी खनिजं जास्त असतात, पण कार्बच्या हिशोबात तो साखरेचाच सख्खा भाऊ आहे. खजूरही वजनाच्या तीन चतुर्थांश कार्बच. ज्वारीची भाकरी माझ्याही ताटात रोज असते आणि मैद्यापेक्षा ती शंभरपट बरी, पण १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात पचणारे कार्ब साठ ते सत्तर असतात. ज्वारीचा गुळातला केक पौष्टिक म्हणा, लो-कार्ब म्हणू नका.

पचणारे कार्ब म्हणजे एकूण कार्बमधून तंतू वजा करून जे उरतात ते. तंतू रक्तातली साखर वाढवत नाहीत, म्हणून मी तोच आकडा धरते. खालचे सगळे आकडे १०० ग्रॅमचे आणि अंदाजे आहेत.

बदामाचं पीठ की शेंगदाण्याचं कूट

लो-कार्ब बेकिंगची कुठलीही पाककृती उघडा, ती बदामाच्या पिठापासून सुरू होते. मैद्यात पचणारे कार्ब सत्तरच्या वर, बदामाच्या पिठात ९ ते १०. फरक मोठा आहे, म्हणून मीही पहिल्यांदा तेच आणलं. केक मऊ झाला, रंग छान आला, चव सगळ्यांना आवडली. पण एका केकला पाव किलोच्या वर पीठ लागतं, आणि बदाम शेंगदाण्याच्या कितीतरी पट महाग. वाढदिवसाला ठीक आहे. आठवड्याला परवडत नाही.

मग एक दिवस शेंगदाण्याचे आकडे पाहिले आणि डोक्याला हात लावला. शेंगदाण्यात पचणारे कार्ब ७ ते ८, म्हणजे बदामाहून किंचित कमीच, आणि प्रथिनं २५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे बदामाहून जास्त. जे कूट आपल्या प्रत्येक घरात डब्यात भरलेलं असतं, ते सोडून मी बाहेरून पाकिटं मागवत होते.

पण दोन्ही सगळीकडे सारखे नाहीत. बदामाला स्वतःची चव फारशी नसते, म्हणून व्हॅनिला, वेलची, लिंबाची साल, जे घालाल ते उठून दिसतं. शेंगदाणा मात्र आपली चव सोडत नाही. व्हॅनिला केकमध्ये त्याचं कूट घातलं तर चिक्की खाल्ल्यासारखं लागतं. कोको घातलेल्या चॉकलेट केकमध्ये तो बेमालूम मिसळतो, आणि नानकटाईत तर मला तो बदामापेक्षा सरस वाटतो. नानकटाई मुळातच खुसखुशीत, तुटणारी. तिला मैद्यातला चिकटपणा नकोच असतो, त्यामुळे तो नसल्याची उणीव भासत नाही. भाजलेल्या दाण्यांचं बारीक कूट, तूप, वेलची, थोडं जायफळ आणि दळलेलं गोडवा देणारं काही, बस. गार होईपर्यंत हात लावू नका, गरम असताना ती हातात भुगा होते.

कूट करताना मिक्सर एकदम फिरवला तर तेल सुटून लगदा होतो. थांबत थांबत फिरवायचं आणि चाळून घ्यायचं. दाणे निवडून घ्या. काळपट, सुरकुतलेला, बुरशी धरलेला किंवा कडू दाणा टाकूनच द्या, भाजून बुरशीचं विष जात नाही. आणि घरी पाहुणे असतील तर दाण्याची ॲलर्जी कुणाला नाही ना, हे विचारून घ्या.

खोबऱ्याच्या पिठाचं गणित वेगळं. ते इतकं पाणी पितं की एक वाटी मैद्याच्या जागी पाव वाटीच पुरतं आणि अंडी जास्त लागतात. जे अंडं खात नाहीत त्यांनी या वाटेला जाऊ नये. सुक्या खोबऱ्याचा कीस मात्र नानकटाईत मूठभर घाला.

अंड्याला पर्याय हवा असेल तर जवस. एक चमचा जवसाची पूड तीन चमचे पाण्यात दहा मिनिटं भिजवली की एका अंड्याइतकी बांधणी मिळते. पचणारे कार्ब २ ग्रॅमहून कमी. आपल्याकडे जवसाची चटणी घरोघरी होते, मग केकसाठी वेगळं काही शोधायचं कशाला? दळलेला जवस लवकर खवट होतो, म्हणून लागेल तेवढाच दळा.

सोयाबीनचं पीठ मी मुद्दाम करून पाहिलं. लातूरच्या बाजारात सोयाबीनचे ढीग लागतात आणि आपण ते बेकिंगला वापरत नाही, हे मनाला टोचत होतं. प्रथिनं भरपूर, पण चौथ्या हिश्श्याहून जास्त घातलं की उग्र वास येतो. कच्चं सोयाबीन दळून वापरू नका, ते पचायला जड असतं. चांगलं भाजून किंवा तयार पीठच घ्या.

ओव्हन नसला तरी अडत नाही. कुकरच्या तळाशी मीठ, वर जाळी, शिट्टी आणि रबर काढून मंद आच. बदाम आणि शेंगदाण्याच्या पिठाचे केक मैद्यापेक्षा लवकर करपतात, म्हणून आच मैद्याच्या केकपेक्षा कमीच ठेवा.

गोडवा कशाने आणायचा

स्टीव्हिया म्हणजे एका झाडाच्या पानांतून काढलेला गोडवा, साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड. म्हणजे चिमूटभर लागतो, आणि तिथेच केक फसतो, कारण साखर केकला वजन आणि ओलावाही देते. शिवाय जास्त झाला की जिभेवर कडवट रेंगाळतो. एरिथ्रिटॉल हा साखरेऐवजी वापरायचा दाणेदार गोडवा, साखरेच्या साधारण ७० टक्के गोड, वाटीला वाटी मोजता येतो, रक्तातली साखर जवळजवळ वाढवत नाही. पण तोंडात पेपरमिंटसारखा गारवा येतो आणि पदार्थ थंड झाला की त्याचे खडे होतात, म्हणून दळूनच घ्यावा. मी केक-नानकटाईत एरिथ्रिटॉलमध्ये थोडा स्टीव्हिया मिसळते. दोघांचे दोष त्याने झाकले जातात.

एरिथ्रिटॉलबद्दल २०२३ मध्ये एक अभ्यास आला. ज्यांच्या रक्तात तो जास्त होता त्यांच्यात हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात जास्त दिसले. त्यावरून एरिथ्रिटॉलमुळेच ते झालं असं सिद्ध होत नाही, पण हृदयाचा त्रास असणाऱ्याने रोज वापरण्याआधी डॉक्टरांशी बोलावं. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने वजन कमी करण्यासाठी स्टीव्हिया, सुक्रालोजसारख्या गोडव्यांवर विसंबू नका असं सांगितलं. म्हणजे हे सणासुदीचं साधन आहे, रोजच्या चहातलं नाही.

दुकानातली "शुगर-फ्री" बिस्किटं आणि मिठाई घेताना पाकीट उलटं करा. शुगर-फ्री म्हणजे १०० ग्रॅममध्ये अर्ध्या ग्रॅमपेक्षा जास्त साखर नाही, एवढाच त्याचा अर्थ. मैदा कितीही असू शकतो. माल्टिटॉल हा गोडवा लिहिला असेल तर ते रक्तातली साखर नेहमीच्या साखरेपेक्षा कमी, पण वाढवतंच, आणि जास्त खाल्लं की पोट बिघडवतं. आमच्या घरी अशा बिस्किटांच्या एका पुड्याने अण्णांची रात्र गेली. तेव्हापासून ती बंद.

पेढा, श्रीखंड, बासुंदी

ज्यांना पीठ-ओव्हनच्या भानगडीत पडायचं नाही त्यांनी सरळ श्रीखंडाकडे वळावं. माझ्या मते सगळ्या यादीत सर्वांत चांगला बदल हाच. बाजारच्या श्रीखंडात जवळपास निम्मी साखर असते. घरच्या बांधलेल्या चक्क्यात कार्ब ४-५ ग्रॅम, कारण दुधातली बरीचशी साखर पाण्याबरोबर निथळून जाते. वेलची, केशर, चारोळ्या आणि दळलेलं एरिथ्रिटॉल घातलं की समोरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही. नुसता स्टीव्हिया इथे नको, आंबट चक्क्यात त्याचा कडवटपणा उघडा पडतो.

पेढ्याचं तसं नाही. कुंथलगिरीचा पेढा आमच्या वाटेवरचा, तिथून जाताना गाडी थांबतेच. तोच बिनसाखरेचा केला तर? खव्यात दुधाची स्वतःची साखर १०० ग्रॅमला वीसच्या आसपास असतेच. खव्याच्या एक तृतीयांश साखर धरली तर २० ग्रॅमच्या एका पेढ्यात ७-८ ग्रॅम कार्ब, बिनसाखरेच्यात ४. निम्मे वाचतात, पण "शुगर-फ्री आहे" म्हणून चार खाल्ले की दोन खऱ्या पेढ्यांइतकेच झाले. मी तर एक खरा पेढा अर्धा करून देते.

बासुंदीत हीच अडचण मोठी होते. एक लिटर दुधात पन्नासेक ग्रॅम साखर मुळातलीच. आटवलं तरी ती कुठे जात नाही. सीताफळाच्या दिवसांत बीडकडची टोपली घरी आली की रबडीऐवजी चक्क्यात दोन चमचे गर कालवा. फळात स्वतःचे कार्ब २० ग्रॅमच्या आसपास आहेत, त्यामुळे हात आवरूनच.

पावाबद्दल थोडक्यात सांगते: सोडून द्या. मैद्याची ती जाळी आणि लवचिकपणा बदाम-इसबगोलाच्या पावात येत नाही. चहासोबत कुरकुरीत काही हवं असेल तर तीळ-जवसाचे पातळ खारे क्रॅकर लाटून भाजा, ते डब्यात आठवडाभर टिकतात.

एक गोष्ट मात्र बदल करण्याआधीची. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि एकदम कार्ब कमी केले, तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. घाम, थरथर, गोंधळल्यासारखं होणं ही त्याची लक्षणं. आधी डॉक्टरांना सांगा, डोस बदलावा लागतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर दाणे-बदाम किती खायचे हेही विचारा.

राहिली पुरणपोळी. सोयाचं पुरण, बदामाची पोळी, सगळं करून पाहिलं. पोळी लाटताना फाटली, पुरणाला चव आली नाही, आणि अण्णा गप्प बसून खात होते ते बघवेना. आता पोळ्याच्या दिवशी त्यांच्या ताटात खरी पुरणपोळी असते, अर्धी. वर तुपाची धार, वाटीभर कटाची आमटी, आणि त्या दिवशी भात नाही.