फॉस्टर केअरमधल्या मुलांसाठी: मेंटॉर व्हावं की कासा?

अमेरिकेत मुलं कॉलेजला गेली, घर रिकामं झालं, की आपल्यातले बरेच जण विचारतात: फॉस्टर केअरमधल्या, म्हणजे आईवडिलांकडून काढून तात्पुरतं दुसरीकडे सांभाळायला दिलेल्या मुलांसाठी काय करता येईल? फॉस्टर पालक होण्याइतकी घरची तयारी नसते आणि नुसता चेक पाठवून समाधान होत नाही. मग दोन वाटा उरतात. मेंटॉर म्हणून एखाद्या मुलाला नियमित भेटायचं, किंवा कासा (कोर्ट अपॉइंटेड स्पेशल अ‍ॅडव्होकेट), म्हणजे मुलाच्या बाजूने बोलायला कोर्टाने नेमलेला स्वयंसेवक, व्हायचं. मी आधी मेंटॉर होतो, आता कासा आहे.

मेंटॉरचं काम आनंदाचं आहे, यात शंका नाही. ट्रेनिंग थोडकं, भेटी बहुतेक शनिवार-रविवारी. वाचनालय, बेसबॉल, गणिताचा गृहपाठ, परत येताना आइस्क्रीम. मूल तुमची वाट बघतं. तुम्ही त्याच्या आयुष्यातले असे एकटेच मोठे असता ज्यांच्या हातात फाइल नसते, आणि ते त्याला बरोबर कळतं. कासा झाल्यावर हे सुख बरंचसं कमी होतं, हे आधीच सांगतो.

तरी मी बदललो, त्याचं कारण एकच. मेंटॉरला जे दिसतं ते सांगायला जागा नसते. माझ्याबरोबरचा मुलगा स्कोअरबोर्ड वाचताना डोळे बारीक करायचा. मी संस्थेत सांगितलं, त्यांनी मुलाची केस हाताळणाऱ्या केसवर्करला कळवलं, आणि पुढे त्याचं काय झालं ते मला कधीच समजलं नाही. शाळेत फोन केला तर उत्तर आलं, तुम्हाला माहिती देता येणार नाही. पुढे ऐन सत्रात त्याला दुसऱ्या काउंटीतल्या घरी हलवलं. कुठे, का, शाळा कोणती, चष्मा मिळाला का, यातलं काहीही विचारायचा मला अधिकार नव्हता. नियमाप्रमाणे सगळे बरोबर वागले. मेंटॉर केसमध्ये कोणी नसतोच. मला मात्र ते सहन झालं नाही.

कासाची कल्पना निघाली तीच माहितीच्या या तुटवड्यातून. सिअ‍ॅटलचे जज डेव्हिड सुकप यांना मुलांच्या भवितव्याचे निर्णय अपुऱ्या माहितीवर द्यावे लागत. म्हणून १९७७मध्ये त्यांनी सामान्य नागरिकांना ट्रेनिंग देऊन कोर्टात मुलांच्या बाजूने उभं करायला सुरुवात केली. नेमणुकीचा आदेश दाखवला की शाळा, डॉक्टर, थेरपिस्ट तुमच्याशी बोलतात. संघराज्याच्या कायद्याने दर सहा महिन्यांत केसचा आढावा व्हावा लागतो, आणि तुमचा रिपोर्ट जजसमोर असतो. माझ्या केसमधल्या मुलीचे जुन्या शाळेतले क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांची नोंद) नव्या शाळेत पोचलेच नव्हते. ते रिपोर्टात लिहिलं. जजनी भर कोर्टात विचारलं, हे कधीपर्यंत होईल? तारीख ठरली आणि काम झालं. एका उदाहरणावरून नियम काढू नये, पण मला हवं होतं ते हेच.

किंमतही आहे. नेमणुकीआधी साधारण ३० तासांचं ट्रेनिंग, बॅकग्राउंड चेक, शपथ. सुनावण्या कामाच्या दिवशी, आणि पुष्कळदा पुढे ढकलल्या जातात. घरी बायकोलासुद्धा केसबद्दल काही सांगता येत नाही. आपल्या लोकांना सगळ्यात जड जातो तो आणखी एक नियम: मुलाला घरी आणायचं नाही, महागडी भेट द्यायची नाही. दिवाळीत ताटावर बसताना त्या मुलीची आठवण येते आणि बोलावता येत नाही.

याहून अवघड म्हणजे आईवडिलांशी न्यायाने वागणं. बहुतेक केसेसमध्ये पहिलं उद्दिष्ट मूल घरी परत जाण्याचंच असतं. ज्या आईकडून मूल काढून घेतलं, तिच्यासमोर बसून ती व्यसनातून किती सावरली, घर लागलं का, हे पूर्वग्रह बाजूला ठेवून बघावं लागतं. त्यात वेळेचं दडपण. १९९७च्या कायद्यानुसार मूल २२पैकी १५ महिने फॉस्टर केअरमध्ये राहिलं, की काही अपवाद सोडले तर राज्याला आईवडिलांचे हक्क संपवण्याचा अर्ज करावा लागतो. एक गोष्ट मात्र आपल्याला सहज जमते. मूल आजीकडे, मावशीकडे राहू शकेल का, हा प्रश्न आपल्या तोंडी आपसूक येतो आणि तो विचारणं फार मोलाचं असतं.

नोकरीतून दुपारची सुट्टी मिळणं अशक्य असेल, किंवा मुलांबरोबर खेळण्यातच तुमचा जीव रमत असेल, तर मेंटॉर व्हा. त्या मुलांना तेही हवंच असतं. पण खटकलेली गोष्ट तुम्हाला झोपू देत नसेल, तर मला वाटतं कासाच्या माहितीसत्राला एकदा जाऊन यावं. राज्याराज्यात नियम वेगळे आहेत. फ्लोरिडात या कामाला गार्डियन अ‍ॅड लायटेम म्हणतात. माहितीसत्रात एक प्रश्न जरूर विचारा: मूल दुसऱ्या काउंटीत गेलं, तर केस माझ्याकडेच राहते का?