तेरा कप्प्यांची फाइल आणि आखाजीपूर्वी पूर्ण झालेला अल्बम

जळगावच्या फुले मार्केट परिसरातील एका स्टेशनरीच्या दुकानातून या उन्हाळ्यात मी २२० रुपयांना तेरा कप्प्यांची, पंख्यासारखी उघडणारी प्लास्टिकची फाइल घेतली. बारा महिन्यांची बिले आणि एक जादा कप्पा असा तिचा हिशेब दुकानदारांनी मला सांगितला; दुकानाचे आणि घरचे कागद ठेवण्यासाठीच ती बहुतेक विकली जाते. मी मात्र ती आईच्या पंच्याहत्तरीच्या स्क्रॅपबुक अल्बमसाठी वापरली आणि दोन वर्षे रखडलेला तो अल्बम अकरा दिवसांत हातावेगळा झाला. अल्बम अर्धवट राहिल्याची खंत असणारे बरेच जण माझ्या ओळखीत आहेत, म्हणून या साध्या वस्तूविषयी सविस्तर लिहीत आहे.

दोन वर्षे काम अडले ते सामान नव्हते म्हणून नव्हे. माझ्याकडे तीन खणांचे प्लास्टिकचे कपाट होते. एका खणात रंगीत कार्डशीट, दुसऱ्यात स्टिकर, रिबिनी आणि वॉशी टेप (सजावटीची कागदी चिकटपट्टी), तिसऱ्यात फोटो, पेन आणि कात्र्या. खण इतके नीट लावलेले होते की पाहणाऱ्याने कौतुक करावे. तरीही शाळेतून आल्यावर संध्याकाळी एक पान करायला बसले की तिन्ही खण उघडावे लागत, जेवणाचे टेबल सामानाने भरून जाई, कोणता फोटो कोणत्या कागदावर शोभेल हे ठरवण्यात तास निघून जाई, आणि पान सुरू होण्याआधीच ताटे मांडायची वेळ झाल्यामुळे सगळे पुन्हा आवरून ठेवावे लागे. दुसऱ्या दिवशी आरंभ पुन्हा पहिल्यापासून. सामान प्रकारानुसार लावणे दुकानाला योग्य आहे, कारण गिऱ्हाईक कागद मागते किंवा रिबीन मागते. अल्बमच्या पानाला मात्र प्रत्येक प्रकारातले थोडेथोडे एकाच वेळी हवे असते. ही गोष्ट मला फाइल हाती आल्यावर कळली, आणि मला सांगायचे आहे ते मुख्यतः एवढेच आहे: सामान पानागणिक लावावे.

फाइलचा आकार ए-फोर कागद सहज मावेल एवढा आहे. माझा अल्बम रिंगचा, ए-फोर मापाचा, तेरा जाड कागदांचा, म्हणजे सव्वीस पानांचा आहे. पहिले पान आईच्या नावासाठी आणि शेवटचे घरच्यांच्या सह्यांसाठी सोडले, तर मध्ये समोरासमोरच्या पानांच्या बारा जोड्या उरतात. बारा जोड्यांना बारा कप्पे, आणि तेरावा कप्पा पहिल्या-शेवटच्या पानांसाठी व कुठेच न बसलेल्या फोटोंसाठी. हा मेळ योगायोगाने जमला, परंतु त्यामुळे किती फोटो घ्यायचे हा सर्वांत अवघड प्रश्न पहिल्याच दिवशी सुटला. एका जोडीवर सहापेक्षा जास्त फोटो घ्यायचे नाहीत असे ठरवले आणि चारशेहून अधिक फोटोंमधून एकसष्ट निवडले.

घेताना मी फाइलच्या तळाशी छापलेला त्रिकोण पाहिला. त्यात ५ हा आकडा असला तर प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन असते. ३ असला तर पीव्हीसी. मऊ पीव्हीसीत लवचीकपणासाठी घातलेली द्रव्ये हळूहळू बाहेर येतात आणि फोटोचा पृष्ठभाग त्याला चिकटू शकतो. जुन्या अल्बमांच्या उग्र वासाच्या, चिकट पारदर्शक पानांचा अनुभव अनेक घरांत असेल. आमच्या आजोबांचे तीन फोटो अशाच पानांतून काढताना कोपऱ्यांवर फाटले. म्हणून फोटो थोड्याच दिवसांसाठी ठेवायचे असले तरी मी पॉलिप्रॉपिलीनचीच फाइल निवडली.

एक कप्पा जवळून दाखवते, म्हणजे पद्धत समजेल. चौथा कप्पा आखाजीचा, म्हणजे आमच्या खान्देशातल्या अक्षय्य तृतीयेचा होता. त्यात आईचे खापरावर मांडे टाकतानाचे दोन फोटो, अंगणातल्या निंबाला बांधलेल्या झोक्यावर आम्ही तिघी बहिणी बसलेलो तो एक फोटो, घागरीच्या पूजेचा एक, पिवळसर कार्डशीटचे दोन कागद, आईच्या विरलेल्या हिरव्या लुगड्याच्या काठाची बोटभर रुंदीची पट्टी, आणि पुरणाला डाळ किती व गूळ किती हे तिने कधीतरी कॅलेंडरच्या मागे लिहिले होते त्या मजकुराची झेरॉक्स, एवढे सामान होते. हे सर्व एकत्र बाहेर काढले की पान जवळजवळ डोळ्यांसमोर तयार दिसत असे. हात लावायचा तो मापे घेण्यापुरता आणि चिकटवण्यापुरता. काठाच्या पट्टीचे धागे सुटू नयेत म्हणून कापलेल्या कडेवर कापडाच्या गोंदाची बारीक रेघ ओढून ती आदल्या रात्रीच वाळत ठेवली होती. अशा जाड वस्तू पानाच्या बाहेरच्या अर्ध्या भागात लावाव्यात. रिंगेजवळ लावल्या की तिथे फुगवटा येतो आणि अल्बम नीट मिटत नाही.

प्रत्येक कप्प्यात पोस्टकार्डाएवढी एक चिठ्ठी होती. तिच्यावर पानाचे शीर्षक, फोटोंची संख्या, खाली लिहायचा मजकूर आणि शेवटी काय कमी आहे ते पेन्सिलीने लिहिले होते. बाराही चिठ्ठ्यांतल्या उणिवा एका कागदावर उतरवल्या आणि चौथ्या दिवशी सकाळी दहाच्या आत बाजारातून सगळे एकदम आणले. जळगावचा एप्रिल ज्यांना माहीत आहे, त्यांना एकाच फेरीचे मोल वेगळे सांगायला नको. पूर्वी मी एका रिबिनीसाठी, एका गोंदाच्या कांडीसाठी चार-चार वेळा बाजारात गेले आहे, आणि दर वेळी गरज नसलेले स्टिकर घेऊन परतले आहे. या वेळी चिठ्ठीत नसलेले काहीही घेतले नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा या कामाशी फार जवळचा संबंध आहे. पंखा बंद ठेवून बसणे अशक्य, आणि पंख्याखाली कापलेले तुकडे टेबलावर ठेवले की पाच मिनिटांत खोलीभर उडतात. कूलर लावला तर त्याची ओलसर हवा कार्डशीटला एका बाजूने लागते आणि कागद धनुष्यासारखा वाकतो. इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या प्रिंटला ओलसर बोट लागले तर शाई पसरण्याचीही भीती असते. बंद कप्प्यांच्या फाइलने या दोन्ही अडचणींवर चांगला उपाय केला. काम चालू असलेला एकच कप्पा उघडा आणि बाकीचे बारा मिटलेले, त्यामुळे हवा लागायची ती एका पानाच्या सामानालाच. कूलर मी चिकटवण्याच्या वेळेपुरता बंद करून फक्त पंखा चालू ठेवत असे आणि तुकड्यांवर स्टीलची पट्टी ठेवत असे.

फोटोंविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे, कारण घाईत सर्वाधिक चुका तिथेच होतात. चार बाय सहा इंचांच्या चांगल्या प्रिंटसाठी फोटो साधारण १२०० बाय १८०० पिक्सेलचा हवा, कारण इंचाला ३०० ठिपके हा छपाईचा नेहमीचा हिशेब आहे. व्हॉट्सॲपवरून फोटो म्हणून आलेली चित्रे आकुंचित झालेली असतात. म्हणून धुळ्याच्या ताईला आणि पुण्याच्या भाच्यांना मी मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगितले. वडील अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयात होते तेव्हाचा १९६८ चा कृष्णधवल समूहफोटो मी मुळीच चिकटवला नाही. तो ६०० च्या रिझोल्यूशनवर स्कॅन करून प्रिंट लावली आणि मूळ फोटो पाकिटात घालून आईच्या कपाटात परत ठेवला. एसटीचे जळगाव ते अमळनेर तिकीटही मला हवे होते, परंतु यंत्रातून निघणारे तिकीट उष्णतेने उमटणाऱ्या कागदावर असते आणि काही काळाने कोरे पडते. त्याची झेरॉक्स काढून तीच लावली. वर्तमानपत्राच्या कात्रणाचेही तेच. त्या कागदात लाकडातले लिग्निन नावाचे द्रव्य राहिलेले असते, त्यामुळे तो पिवळा पडतो आणि शेजारच्या फोटोलाही डाग देऊ शकतो. फोटोच्या मागे बॉलपेनने नाव लिहिण्याची सवयही सोडावी, कारण दाबाची खूण पुढच्या बाजूला उमटते. मऊ पेन्सील पुरते.

पाचव्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत रोज दोन कप्पे, एक पहाटे शाळेला जाण्यापूर्वी आणि एक रात्री जेवणानंतर. एका जोडीला पाऊण तास लागे. फोटोंना दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप वापरली, कागदावर कागद चिकटवायला गोंदाची कांडी. पातळ पांढरा गोंद मी पूर्वी वापरला होता, त्याच्या पाण्याने पान सुरकुतते, म्हणून या वेळी तो बाहेरच काढला नाही. अकरावा दिवस मुद्दाम मोकळा ठेवला. सर्व पानांमध्ये एकेक कोरा कागद घालून अल्बमच्या वर पाट ठेवला आणि पाटावर नुकताच भरलेला गव्हाचा लहान डबा. दुसऱ्या दिवशी पाने एकसारखी सपाट निघाली.

आता फाइलचे दोष. दुसऱ्याच दिवशी झाकणाचे बटण निघून हातात आले. मी त्या जागी काळे इलॅस्टिक बांधले आणि ते बटणापेक्षा चांगले ठरले, परंतु २२० रुपये घेतल्यावर बटणाने दोन दिवसांपेक्षा जास्त टिकावे ही अपेक्षा रास्त आहे. कप्प्यांवर लावायच्या छापील कागदी पट्ट्या पारदर्शक टोपणातून सतत खाली घसरतात. त्याऐवजी मास्किंग टेपवर पेन्सिलीने लिहिलेले बरे, कारण पानांचा क्रम मी तीनदा बदलला आणि दर वेळी टेप उचलून दुसरीकडे लावता आली. प्रत्येक कप्प्याला वरून वेगळे झाकण नसल्यामुळे फाइल आडवी ठेवली की छोटे स्टिकर आणि फोटोंचे कोपरे शेजारच्या कप्प्यात शिरतात. ते झिपच्या लहान पिशवीत घालूनच ठेवावेत आणि फाइल उभी ठेवावी. एकदा ती दुपारी खिडकीपाशी राहिली, तर उन्हाने झाकण कायमचे वाकले. आणि सगळ्यांत महत्त्वाचे, कप्प्यात जास्त भरू नये. तळाचा सांधा नाजूक आहे. सातव्या कप्प्यात मी लाकडी बटणे घातली होती, तिथे त्याला चीर गेली.

बारा बाय बारा इंचांचा मोठा अल्बम करणाऱ्यांनी ही फाइल घेऊ नये. त्या मापाचा कागद हिच्यात मावत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की पहिला अल्बम ए-फोर मापाचाच करावा. त्या मापाची कार्डशीट, पाकिटे, फाइल आणि झेरॉक्स या सर्व गोष्टी आपल्याकडे तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि एखादा कागद बिघडला तर दुसऱ्यासाठी आठवडाभर पार्सलची वाट पाहावी लागत नाही. ज्यांना फोटो निवडण्याआधीच सजावटीचे सामान जमवण्यात आनंद वाटतो, त्यांनाही हिचा उपयोग कमी होईल. फाइल भरायची ती फोटोंनी आधी, बाकी सर्व नंतर. हा क्रम उलटला तर कप्प्यांतही खणांसारखाच पसारा होतो. ज्यांच्या हाताशी ठरलेली तारीख आहे, वाढदिवस, निवृत्ती, साखरपुडा, आणि दिवसातला तासभरच वेळ आहे, त्यांनी ती जरूर घ्यावी. दुकानाविषयीही चांगलेच सांगावेसे वाटते. दुकानदारांनी चार प्रकारच्या फाइली काढून दाखवल्या, तळाचा आकडा पाहू दिला, आणि बटण निघाल्याचे मी पुढच्या खेपेला सांगितल्यावर बदलून देण्याचीही तयारी दाखवली. तोवर सगळे कप्पे भरलेले असल्यामुळे मी ती बदलली नाही.

आखाजीला आम्ही तिघी अमळनेरला जमलो. आमरस-मांड्यांचे जेवण झाल्यावर आईने अल्बम मांडीवर घेतला, चष्मा पुसला आणि चौथ्या जोडीशी थांबून लुगड्याच्या काठावरून बराच वेळ बोट फिरवले. मग आमच्याकडे न पाहताच अहिराणीत म्हणाली, “बठ्ठा आठेच शेतस.” म्हणजे, सगळे इथेच आहेत. ताईने अल्बम दोनदा पाहिला, नंतर मला बाजूला घेऊन पाने कशी आखली ते विचारले, आणि धुळ्याला परतताना रिकामी फाइल पिशवीत टाकून घेऊन गेली. तिच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात आहे. फाटलेल्या सातव्या कप्प्याला तिने आतून टेप लावली आहे, आणि पहिल्या तीन कप्प्यांत फोटो ठेवल्याचे काल फोनवर सांगितले.