कामगाराला कामावरून काढायची वेळ आली तर: विश्रामबागच्या एका वकीलसाहेबांचा अनुभव

कुपवाड एमआयडीसीत आमचं कास्टिंग मशीनिंगचं युनिट आहे. कामगार साठेक. हजेरी, पगार, पीएफ, ईएसआय हे सगळं मी बघते. कामगार कायद्याचं काम करणाऱ्या, सांगलीतल्या विश्रामबागच्या एका वकीलसाहेबांकडे आम्ही गेलो होतो, त्याबद्दल लिहिते आहे. वकिलांना जाहिरात करायला मनाई असते, म्हणून नाव देत नाही.

आमच्याकडे व्हीएमसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनिंग मशीनवर) बारा वर्षं कामाला असलेला ऑपरेटर होता, जत तालुक्यातला. न सांगता गावाकडं जायचा आणि मग दहा-पंधरा दिवस पत्ता नाही. समज दिली, पत्रं दिली. रात्रपाळीला मशीन बंद राहिलं की सकाळी गिऱ्हाइकाचे फोन सुरू व्हायचे, आणि त्याच्या वाटचं काम बाकीच्या पोरांवर पडायचं. शेवटी काढायचंच ठरलं. तेव्हाच्या आमच्या सल्लागाराने सांगितलं, मस्टरवरून (हजेरीपटावरून) नाव कमी करा आणि ‘काम सोडून गेला’ असा शेरा मारा. आलाच परत, तर कोऱ्या कागदावर सही घ्या, राजीनामा मी टाइप करतो. बारा वर्षं आमच्याकडे राबलेल्या माणसाशी असं वागणं मला पटलं नाही. मिस्टरांनाही नाही. म्हणून या वकीलसाहेबांकडे गेलो.

पहिल्याच भेटीत त्यांनी त्याची फाइल मागितली. नेमणूकपत्र, हजेरीपट, रजेचे अर्ज, आधीची पत्रं असं सगळं वाचून काढलं. काही पत्रांवर त्याची पोच नव्हती. ती बाजूला ठेवून म्हणाले, “ताई, ही दिलीच नाहीत असं धरून चालायचं. आणि आता मागच्या तारखेची पत्रं करायची असतील तर मी तुमचं काम घेणार नाही.”

मस्टरवरून नाव कमी करण्याबद्दल त्यांनी सर्वोच्च न्यायालयाचा १९९३ चा निकाल समोर ठेवला, डी. के. यादव विरुद्ध जे. एम. ए. इंडस्ट्रीज. आठ दिवसांहून जास्त गैरहजर राहिलं तर नोकरी आपोआप संपली, असं त्या कंपनीच्या स्थायी आदेशातच, म्हणजे कामाच्या अटी आणि शिस्तीच्या नियमांतच होतं. त्यावर बोट ठेवून कामगाराला काढलं. कोर्टाने म्हटलं, चौकशी न करता, त्याचं म्हणणं न ऐकता असं काढता येत नाही. त्याला कामावर परत घ्यावं लागलं, आणि मागचा निम्मा पगारही द्यावा लागला. आमच्या भागात आजही सर्रास नावं कमी होतात, म्हणून हे मुद्दाम लिहिलं.

आमच्याकडे ५० च्या वर कामगार, म्हणजे तेव्हाच्या नियमाप्रमाणे सरकारने घालून दिलेले आदर्श स्थायी आदेश लागू होते. विनापरवाना सलग दहा दिवसांपेक्षा जास्त गैरहजेरी, किंवा वारंवार गैरहजेरी, हे त्यात गैरवर्तन धरलं होतं. पण ते सिद्ध करावं लागतं. आधी घरच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टाने, मराठीत, कामावर हजर होण्याची पत्रं गेली. मग चार्जशीट, म्हणजे आरोपपत्र. आमच्या सुपरवायझरने कच्च्या मसुद्यात ‘बेजबाबदार वागतो’ असं लिहिलं होतं, ते साहेबांनी खोडलं. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, कोणत्या पाळीला, एवढंच लिहायला लावलं. चौकशी अधिकारी म्हणून बाहेरचा माणूस नेमला. स्वतः बसायला त्यांनी नकार दिला, कारण चार्जशीट त्यांनीच तपासली होती.

पहिल्या तारखेला तो आलाच नाही. आम्हाला वाटलं एकतर्फी उरकतील. त्यांनी पुढची तारीख द्यायला लावली. तेव्हा तो आला, सोबत बाजू मांडायला आमच्याच शॉपमधला एक कामगार घेऊन. बसल्या बसल्या मला म्हणाला, “वहिनी, माझं ऐकून तरी घेणार का न्हाई?” त्याने मिरजेच्या दवाखान्याचे कागद काढले. वडिलांना ॲडमिट केलं होतं, आणि गैरहजेरीची एक अख्खी खेप त्याच दिवसांतली होती. ती चौकशीत वगळली गेली. बाकीच्या खेपांना मात्र त्याच्याकडे उत्तर नव्हतं. अहवालाची प्रत त्याला दिली, त्यावर आणि शिक्षेवर म्हणणं मागवलं. आधीचं रेकॉर्ड बघितलं, आणि मगच बडतर्फीचं पत्र निघालं.

मला सगळ्यात जास्त पटलं ते पुढचं. मिस्टरांचं म्हणणं होतं, शिस्तभंगाने काढलाय तर ग्रॅच्युइटी कशाला? साहेबांनी स्पष्ट सांगितलं की तेव्हा लागू असलेल्या १९७२ च्या कायद्यात ग्रॅच्युइटी जप्त करायची कारणं मोजकी होती: मालकाच्या मालमत्तेचं नुकसान, मारहाण-दंगा, नैतिक अधःपतनाचा गुन्हा. गैरहजेरी त्यात बसत नव्हती. मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून १९,५०० रुपये. भागिले २६, गुणिले १५, गुणिले १२ वर्षं, म्हणजे १,३५,००० रुपये. ती द्यायला कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. आम्ही उरलेला पगार आणि शिल्लक रजेच्या पैशांबरोबरच चेक दिला. अनुभवाच्या दाखल्यात त्यांनी कडू शब्द घालू दिला नाही. जाताना तो ऑफिसात येऊन पाया पडायला लागला. मला फार जड गेलं, पण त्याच्या नजरेला नजर देता आली.

आता उणी बाजू. वेळ फार लागतो. साहेब कोल्हापूरला औद्योगिक न्यायालयात गेले की दिवसभर फोन उचलत नाहीत, आणि तारखा पुढं जातात. घाई असलेल्या मालकाला हे जमणार नाही. खर्च चौकशी अधिकाऱ्याच्या मानधनासह त्या कामगाराच्या तीनेक महिन्यांच्या पगाराएवढा आला. पावती मिळते.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कामगार कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्यावर त्यांनी आम्हा अशिलांना स्वतःहून बोलावून घेतलं. ३०० च्या खाली कामगार असलेल्यांना स्थायी आदेश लागू नाहीत, त्यामुळे आता वाटेल तेव्हा काढा, अशी चर्चा एमआयडीसीत चालू होती. ‘वाटेल तेव्हा काढा’ हे त्यांनी खोडून काढलं. बडतर्फ कामगाराला दोन वर्षांच्या आत दाद मागता येते आणि काढल्यावर दोन कामाच्या दिवसांत पगार चुकता करायचा असतो, हे त्यांच्याकडूनच कळलं.

भेटायचं तर संध्याकाळी सहानंतर जा, सकाळी ते कोर्टात असतात. जाताना त्या कामगाराची सगळी फाइल न्या. तुमच्या बाजूने नसलेले कागदही ठेवा, ते तेच आधी मागतात.