जुना बर्च लाकडाचा ड्रमसेट : दहा महिने, एक पावसाळा

पहिल्या दिवशी वाजवला आणि वाटलं, फसलो. खालचा धमाका आहे, वरची टणक टिचकी आहे, पण मधलं काहीच नाही. मलई खरवडून घेतलेल्या शहाळ्यासारखा. माझ्या आधीच्या पॉपलर लाकडाच्या साध्या सेटवर एक टॉम (सेटमधला मधल्या आकाराचा ड्रम) मारला की खोलीभर घुमायचा. हा 'टप्' म्हणतो आणि गप्प बसतो. घरच्यांना मात्र लगेच आवडला, कारण शेजारच्यांची तक्रार येईना.

गेल्या जुलैत मडगावच्या एका निवृत्त वादकाकडून घेतला. चाळीसेक वर्षं लग्नाच्या बँडमध्ये वाजवलेला माणूस. २२ इंची बास ड्रम (पायाने वाजवायचा), १२ आणि १३ चे टॉम, १६ चा फ्लोअर टॉम (जमिनीवर पायांवर उभा राहणारा). स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) नव्हताच. पंचावन्न हजार मोजले. चोर्ला घाटातून ताडपत्रीखाली टेंपोत बेळगावला आणताना माझा जीव घशात होता. कंपनीचे बॅज कुणीतरी कधीच उपटून नेलेत, त्यामुळे कंपनी खात्रीने सांगत नाही. लग (पडदा ताणणारे बोल्ट ज्यात बसतात ते धातूचे भाग) आणि टॉमचे होल्डर बघता ऐंशीच्या दशकातला जपानी माल वाटतो.

त्या काळी जपान्यांचं बर्चवर प्रेमच होतं. टामाचा सुपरस्टार, पर्लचा बीएलएक्स, आणि सगळ्यांत गाजलेला यामाहाचा रेकॉर्डिंग कस्टम. सहा थरांचं बर्चचं कवच, वरून खाली अखंड जाणारे लांब लग आणि पियानोसारखा चकचकीत काळा रंग. अमेरिकन ड्रमर स्टीव्ह गॅडने तो वाजवला आणि स्टुडिओवाल्यांनी उचलून धरला. मध्ये बंद पडला होता, २०१६ मध्ये गॅडलाच हाताशी धरून पुन्हा काढला. जुन्या सेटची ओढ लागते ती या नावांमुळेच, खोटं कशाला बोला. आणि हो, बर्च आणि बीच ही दोन वेगळी लाकडं. विकणारे खुशाल घोटाळा करतात. आपल्याकडे ज्याच्या सालीवर पोथ्या लिहायचे तो भूर्ज या बर्चच्याच कुळातला.

फ्लोअर टॉम काही केल्या सुरात येईना. नवं हेड (ड्रमवरचा ताणलेला पडदा) घातलं, चावी फिरवून फिरवून मनगट दुखलं. एका बाजूला सूर लावला की समोरची बाजू रुसायची. शेवटी शहापुरातल्या आमच्या ओळखीच्या मिस्त्रीकाकांकडे नेला. शिसवी आणि सागात आयुष्य गेलेला माणूस. त्यांनी हवेच्या भोकातून बॅटरी मारून थर मोजले, हेड जिच्यावर टेकतं त्या कडेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाले, "हे लाकूड आपल्यातलं न्हवं रे पोरा. पण चिकटवणाऱ्याचा हात चांगला हाय." मग दुकानातल्या ग्रॅनाइटच्या फरशीवर टॉम पालथा ठेवला, आत बॅटरी सोडली आणि दिवा घालवला. कडेखालून एके ठिकाणी उजेडाची बोटभर लांब रेघ बाहेर आली. तेवढ्याच जागी कड बसली होती. काकांनी फरशीवर बारीक पॉलिशपेपर चिकटवला आणि टॉम त्यावर गोल गोल फिरवत राहिले. मधेमधे थांबून पुन्हा बॅटरी. तासाभरात रेघ गेली. आतून पॉलिश मारून देऊ का म्हणाले, मी हात जोडले. आतली बाजू कोरीच बरी.

त्याच संध्याकाळी फ्लोअर टॉम बोलायला लागला. तेव्हापासून माझं मत असं की, लाकडाच्या नावापेक्षा कड आणि हेड यांचा वाटा मोठा. मेपल गोड आणि बर्च कोरडा, हे खरंच आहे. पण कड वाकडी असेल तर दोन्ही सारखेच भिकार.

तरीही बसल्या जागी तो मला आवडत नव्हता. खरा उलगडा गणपतीत झाला. आमचा कार्यक्रम म्हणजे अर्धी मराठी गाणी, अर्धी कन्नड, बेस गिटार, दोन कीबोर्ड आणि ढोलकी. साउंड चेकला भाच्याला ड्रमवर बसवलं आणि मी मिक्सरपाशी जाऊन उभा राहिलो. एकेक टॉम सुटा ऐकू येत होता, ढोलकीवर न चढता. मिक्सरवाला, जो एरवी माझ्या ड्रमच्या मधल्या सुरांच्या पट्ट्या चिडून खाली ओढतो, तो हाताची घडी घालून उभा. म्हणाला, "याला काय करायचंच नाही की ओ." मधला भाग लाकडानेच कमी केला होता, आणि ती जागा गाणाऱ्याला मिळाली होती. मागे बसून जे कमी वाटतं, ते समोर बसलेल्याला पुरेपूर पोचतं.

आता त्रास. त्या काळातले टॉम खोल, त्यामुळे उंच बसतात. माझ्यासारख्या बुटक्याला स्टूल वर घ्यावं लागलं आणि महिनाभर कंबर बोंबलली. होल्डरची नळी थेट टॉमच्या पोटात शिरते. पूर्ण आत ढकलली तर आवाज कोंडतो, थोडी बाहेर ठेवली तर मोकळा होतो. ही गोष्ट मला तिसऱ्या महिन्यात कळली. बास ड्रमचं कडं पकडणारे दोन पंजे गायब होते. उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडून ते करून घेतले. जाताना पंजातली मूळ दांडी नमुना म्हणून न्यायला विसरू नका, कारण आपला नेहमीचा एम-सिक्स (सहा मिलिमीटरचा) बोल्ट त्यात बसत नाही. माझी एक खेप त्यातच वाया गेली.

आणि पावसाळा. ऑगस्टअखेर फ्लोअर टॉमच्या आत पांढरी बुरशी धरली, पिठासारखी. कोरड्या फडक्याने पुसली, खोलीत रात्रभर बल्ब लावून ठेवला, ओलं काही लावलं नाही. डाग उरलाय, आवाजात फरक नाही. खानापूरकडे राहणाऱ्यांनी हा खटाटोप धरूनच चालावं.

सध्या टॉमवर वर कोटेड (खरबरीत थर दिलेलं) आणि खाली क्लिअर (पारदर्शक) हेड आहे. बासमध्ये जुनी चादर अर्धी घडी करून, मागच्या हेडला जेमतेम टेकेल इतकीच. चादर जास्त भरली की बर्चचा धक्काच जातो. बारा इंची टॉम थोडा चढा लावला तर भाषा स्वच्छ येते. अगदी सैल सोडला की पुठ्ठा वाजवल्यासारखा.

खोलीत एकट्याने वाजवून सुख हवं असेल तर मेपल घ्या. ऑक्टोपॅडवर (इलेक्ट्रॉनिक पॅडवर) भागत असेल तर हा भार कशाला उचलता? माइक लावून बँडबरोबर वाजवणाऱ्याने मात्र जुना बर्च जरूर बघावा, आणि बघायला जाताना खिशात बॅटरी ठेवावी. हेड काढू न देणाऱ्याकडून घेऊ नये.

मडगावच्या त्या काकांना रेकॉर्डिंग पाठवलं होतं. त्यांचा फोन आला, "तेरा इंची अजून थोडा खाली उतरव." उतरवला. बरोबर होतं त्यांचं.