डोकुविकी: पहिलं पान लिहिण्याआधी फाईलनावांचं सेटिंग ठरवा

रत्नागिरी-सिंधुदुर्गातलं एखादं वाचनालय, मच्छीमार सोसायटी किंवा आंबा बागायतदारांचा गट आपली माहिती एकत्र ठेवायला विकी (सगळ्यांनी मिळून लिहायची वेबसाईट) शोधत असेल, तर आधी डोकुविकी बघा. मराठी विकिपीडिया मीडियाविकी या सॉफ्टवेअरवर चालतो, त्यामुळे पहिलं नाव त्याचंच सुचतं. पण मीडियाविकीसाठी डेटाबेस सांभाळावा लागतो, आणि ठरावीक पानं फक्त सभासदांनाच दिसावीत या गरजेसाठी तो बनलेलाच नाही. आंद्रेआस गोहर यांनी २००४ साली आणलेला डोकुविकी प्रत्येक पान साध्या टेक्स्ट फाईलमध्ये ठेवतो. पावसाळ्यात सारखी वीज जाते तिथे याचं मोल कळतं. बिघडलीच तर एखादी फाईल बिघडते, आणि तिच्या जुन्या आवृत्त्या 'ॲटिक' फोल्डरमध्ये असतातच.

उभारणी अर्ध्या तासाची. पीएचपीबरोबर (डोकुविकी याच प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलेला आहे) एक्सएमएल, एमबीस्ट्रिंग आणि जीडी ही एक्स्टेन्शन्स घ्या, 'डेटा' आणि 'कॉन्फ' फोल्डरांत वेब सर्व्हरला लिहायची परवानगी द्या आणि ब्राउझरमध्ये इन्स्टॉल डॉट पीएचपी उघडा. तिथेच लोकांना स्वतःहून नोंदणी करू देण्याचा पर्याय बंद ठेवा, नाहीतर जाहिरातींच्या पानांचा पूर येतो. काम झालं की ही फाईल पुसून टाका.

आता देवनागरीचा खरा अडथळा. फाईलचं नाव कसं साठवायचं हे 'एफएनएनकोड' नावाचं सेटिंग ठरवतं आणि त्याची मूळ किंमत 'यूआरएल' असते. त्यात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह नऊ अक्षरांचं होतं. काना, वेलांटी, अनुस्वार, हलन्त सगळे वेगळे मोजले जातात. लिनक्सवर फाईलनावाची मर्यादा २५५ बाइटची. 'आंबा मोहोर संरक्षण फवारणी वेळापत्रक' हे नाव २८० च्या पुढे जातं आणि पान जतनच होत नाही. जुन्या आवृत्तीच्या नावाला तारखेचा आकडा जोडला जातो, तो धरला तर हाताशी जेमतेम २६ चिन्हं उरतात. सेटिंग 'यूटीएफ-८' केलं की तेच नाव शंभर बाइटच्या आत बसतं. मात्र हे पहिल्या पानाआधीच करा. नंतर बदललं तर जुन्या फाईली डिस्कवर असूनही विकीला सापडत नाहीत.

आमच्या मते याहून चांगली वाट म्हणजे पानाचं नाव रोमन लिपीत, आखूड ठेवायचं आणि 'यूजहेडिंग' हे सेटिंग चालू करायचं. मग दुव्यात पानाचं मराठी शीर्षकच दिसतं आणि व्हॉट्सॲपवर पाठवलेला पत्ता टक्क्यांच्या चिन्हांची माळ होत नाही. शिवाय 'किनाऱ्यावरील' हा शब्द काही कीबोर्ड 'ऱ' वापरून लिहितात, काही साध्या 'र'मध्ये अदृश्य जोडचिन्ह घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, विकीला ती दोन वेगळी पानं वाटतात. रोमन नावांत ही भानगडच उरत नाही.

शोध हा डोकुविकीचा कमकुवत भाग. मूळ सेटिंग जसाच्या तसा शब्द शोधतं, त्यामुळे 'बंदर' शोधल्यावर 'बंदरात' सापडत नाही. शोधाचं सेटिंग 'स्टार्ट्स विथ' करा. मराठीत प्रत्यय शब्दाच्या शेवटी लागतात, म्हणून बरंच काम भागतं. तरी 'होडी'वर 'होड्या' येत नाही, 'होड' लिहावं लागतं. आणि 'मासा'वर 'माशाला' कधीच येणार नाही. अशा पानाच्या तळाशी 'मासा, मासे, माशाला, मासळी' अशी ओळ टाकून ठेवा.

एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर वापरणाऱ्यांनी जास्त जपायचं, कारण फोल्डर बाहेरून बंद ठेवणारी एचटीॲक्सेस फाईल तो वाचत नाही. डेटा, कॉन्फ, बिन, इंक आणि व्हेंडर हे फोल्डर बाहेरून बंद करणारे नियम हाताने लिहावे लागतात. लिहून झाले की ब्राउझरमध्ये डेटा, पेजेस, विकी या वाटेने डोकुविकी डॉट टीएक्सटी उघडून पाहा. ४०३ (प्रवेश नाकारला) आलं तर ठीक. मजकूर दिसला तर सभासदांची खासगी पानंही तशीच उघडी आहेत. फोनवरचा फोटो चढत नसेल तर एन्जिनएक्सची १ एमबीची आणि पीएचपीची २ एमबीची, दोन्ही मर्यादा वाढवा. एकच वाढवून उपयोग नाही.

बॅकअप मात्र फार सोपा, आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूणने जो महापूर पाहिला त्यानंतर त्याची प्रत दुसऱ्या गावात असायलाच हवी. डेटामधले पेजेस, ॲटिक, मेटा, मीडिया, मीडिया ॲटिक आणि मीडिया मेटा, शिवाय पूर्ण कॉन्फ, हे एका टार फाईलमध्ये बांधून रोज रात्री बाहेर पाठवा. कॅश आणि इंडेक्स वगळले तरी चालतात. नव्या सर्व्हरवर फाईली ठेवल्या की पानं लगेच दिसतील, पण शोध रिकामा येईल. बिन फोल्डरमधला इंडेक्सर (शोधाची सूची बनवणारा प्रोग्रॅम) एकदा कमांड लाईनवरून चालवा, वेब सर्व्हरच्याच युजरने. रूटने, म्हणजे सर्व्हरच्या मुख्य युजरने, चालवला तर इंडेक्सच्या फाईली रूटच्या नावावर जातात आणि नवी पानं शोधात येणं बंद होतं.